घोडी विकायची आहे

नंदुरबार

चि. समीर,


परवा फोनवर तुझा आवाज पडला होता. वर्गात तुझ्या सिनेमाची लॉगलाइन, म्हणजे एका ओळीतली गोष्ट, वाचलीस, कोणी म्हणालं ही डॉक्युमेंटरी वाटते, कोणी हसलं. ती ओळ मी पुन्हा वाचली: ‘सारंगखेड्याच्या यात्रेच्या पार्श्वभूमीवर एका आदिवासी तरुणाचा अस्तित्वाचा शोध घेणारा संघर्षमय प्रवास.’ राग मानू नकोस, पण मला तरी यात माणूस दिसला नाही. पार्श्वभूमी, अस्तित्व, शोध, संघर्ष, प्रवास हे शब्द आमच्या शाळेच्या अहवालातही असायचे.

गंमत म्हणजे त्याच फोनवर दहा मिनिटं तू तावातावाने मला समजावत होतास: बाप कर्जापायी घोडी विकायला काढतो, आणि पोरगा आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक काही ना काही करून परतवतो. अरे, हीच तर लॉगलाइन! कोणाला काय हवंय आणि मध्ये कोण आडवं येतंय, दोन्ही त्यात आहे. ‘फँड्री’ सिनेमा आठव. डुकरं पकडणाऱ्या घरातल्या जब्याला शालूपासून जे लपवायचंय, तेच शाळेजवळ सगळ्यांदेखत करायची वेळ त्याच्यावर येते. ‘श्वास’मध्ये नातवाचा जीव वाचवायचा तर त्याचे डोळे जाणार, आणि आजोबाला त्याआधी त्याला जग दाखवायचंय. यात ‘संघर्ष’ हा शब्द कुठे लागला?

म्हणून पुढच्या वेळी ओळ वाचलीस की गप्प बस. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकणारा घोडीचं कितीही कौतुक करो, घेणारा दात बघतो आणि तिला चार पावलं चालवून बघतो. ‘म्हणजे मला असं म्हणायचंय की…’ असं तोंडावर आलं, की ते बोलू नकोस, वहीत लिही. जे ओळीत राहून गेलं, ते तिथे सापडेल. आणि ‘आवडली का?’ असं विचारूच नकोस. माणसं भिडेखातर हो म्हणतात. ‘डोळ्यांपुढे काय आलं?’ विचार.

सल्ले मात्र तोलून घे. पोराच्या जागी पोरगी कर, गोष्ट मुंबईला ने, असं सांगणारा बहुतेक वेळा स्वतःच्या मनातला सिनेमा सांगत असतो. त्याचा उपाय सोडून दे, पण तो कुठे अडखळला ते टिपून ठेव. तिघंजण एकाच शब्दावर अडखळले, तर खोट त्या शब्दात आहे.

दुसऱ्याची ओळ ऐकताना हेच उलटं. आधी तुला काय कळलं ते त्याला तुझ्या शब्दांत सांग. पुष्कळदा तेवढ्यानेच त्याचं काम होतं. ‘हे आधी येऊन गेलंय’ हे वाक्य तर कोणाच्याच उपयोगाचं नाही. त्या दिवशी जो हसला, त्याची पाळी येईल तेव्हा हिशेब चुकता करू नकोस. (माझ्या वर्गात मी एका पोराचा निबंध मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवलं होतं. त्याने नंतर वर्षभर दोन ओळींच्या वर लिहिलं नाही. ते अजून मला बोचतं.)

इथे पथारीवर मिरची वाळायला पडली आहे, त्या रस्त्याने गेलं की ठसका लागतो. ताईने तुझ्यासाठी मसाला कुटून ठेवलाय. दत्तजयंतीला येशील तर तापीकाठी यात्रेत दोन दिवस नुसता घोड्यांच्या बाजारात बसू. गिऱ्हाईक कसं परतवतात ते तुला बघायला मिळेल.

आणि हो, घोडीचं नाव काय ठेवलंस?

तुझा,
मामा