वेळ अमावास्या : लेखनाचा एक पाठ

मार्गशीर्ष सरत आला की आपल्या भागातील गावे एक दिवस ओस पडतात. वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या बोलीतील येळवशीला, स्थानिक सुट्टी असते. ती नसती तरी मुले शाळेत आली नसती. या सणावर लेखनाचा पाठ कसा घ्यावा, याविषयी शिक्षक बंधुभगिनींसाठी, स्वतःच्या चुकीसह, थोडे लिहितो.

माझे बालपण तुळजापूर तालुक्यातील जळकोट येथे गेले. 1975 च्या पुढची ती वर्षे. आदल्या संध्याकाळी हरभरा, तूर, पावटा यांचे कोवळे दाणे सोलता सोलता आम्हा भावंडांची बोटे हिरवी होत. त्या दाण्यांची डाळीचे पीठ लावलेली भज्जी आई शिजवी, आणि ताकातली ज्वारीच्या पिठाची आंबील मडक्यात आंबत असे. सकाळी वडील घोंगडी पांघरून ते मडके डोईवर घेत, आम्ही बैलगाडीत. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राही, तीत चुना लावलेले पाच दगड, तेच पांडव. पूजा झाली की वडील पिकाभोवती फिरून चर शिंपीत.

ज्यांना शेत नव्हते त्यांच्या घरी आजी आदल्या दिवशीच जाऊन बोलावणे करी. ती माणसे येईपर्यंत पंगत बसत नसे. आमच्या पोटात कावळे ओरडत. पण आजीपुढे बोलण्याची छाती कोणाची होती?

नावाविषयी एक गोष्ट. सीमेपलीकडे कर्नाटकात हिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. तेथेही शेतात असाच 'चरग' टाकतात. तेव्हा 'वेळ' या शब्दाचा घड्याळाशी संबंध लावण्याची घाई करू नये. मुलांना ही उकल फार आवडते, असा अनुभव आहे.

आता ती चूक. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी चौथीच्या वर्गाला 'वेळ अमावास्या' हा निबंध दिला. एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. त्यांतील एक ओळ अशी होती, की आम्ही पाच महिने कोपीत राहतो. मी तिच्याखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'कोप पूजेसाठी असते, राहण्यासाठी नव्हे.' वर्ग हसला. त्याचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीत होते. कारखान्याच्या हद्दीत, फडाजवळ उभारलेल्या पाचटाच्या व ताडपत्रीच्या झोपडीला ती माणसे कोपीच म्हणतात, हे मला पुढे कळले. मुलाने शब्द अचूक वापरला होता. त्या वर्षी तो आजीपाशी मागे राहिला होता. आईवडील दूरच्या फडात होते. माझ्या बालपणीच्या सुखाचा जो महिना, तोच त्याच्या ताटातुटीचा. वही मी दुरुस्त केली नाही, ही दुसरी चूक.

म्हणून सुचवितो की 'माझा आवडता सण' असा ठोकळेबाज विषय देऊ नये. तेथे मार्गदर्शकातील वाक्येच परत येतात. मुलांना विचारावे : भज्जीत काय काय पडले? चर कोणी शिंपले? कोप कशाची केली? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ शिवारांत ज्वारीची जागा हरभऱ्याने घेतली आहे आणि कडबा मागून आणावा लागतो. आजीच्या तोंडून उत्तर आले तर ते तिच्याच बोलीत उतरू द्यावे.

हा पाठ दोनदा घ्यावा. एकदा सणानंतरच्या आठवड्यात. त्या वेळी हंगामी वसतिगृहातील किंवा आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांना वगळू नये, त्यांचा दिवस कसा गेला तेच त्यांनी लिहावे. दुसऱ्यांदा, टोळ्या परतून ती मुले वर्गात आल्यावर. त्या दिवशी फळ्यावर 'कोप' आणि 'कोपी' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहावेत, व दुसऱ्याचा अर्थ शिक्षकाने नव्हे, त्या मुलांनी सांगावा.