'बॅकलॉग' : एका जोडशब्दाचा अर्थप्रवास

दोन साधे शब्द जोडून तिसरा घडविण्याची रीत इंग्रजीत फार जुनी आहे. मात्र असा जोडशब्द आपल्या मूळ अर्थाला धरून राहतोच असे नाही. परीक्षेचे निकाल लागले की आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारा 'बॅकलॉग' हा शब्द याचे चांगले उदाहरण होय.

'बॅक' म्हणजे मागचा व 'लॉग' म्हणजे ओंडका. आपल्या व्याकरणानुसार याला कर्मधारय समास म्हणता येईल. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द शब्दशः याच अर्थाने वापरात होता. थंड मुलुखातील घरात भिंतीलगतच्या आगटीत सर्वांत मागे एक जाड ओंडका ठेवीत. पुढची बारीक लाकडे भराभर जळून जात. हा ओंडका मात्र सावकाश धुमसत राही व विस्तव टिकवी. ज्यांच्या घरी रात्री राखेत निखारा राखून सकाळी चूल पेटवतात, त्यांना हे समजावून सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पुढील उपयोगासाठी राखलेला साठा' असा लाक्षणिक अर्थ रूढ झाला आणि १९३० नंतर 'पुऱ्या करावयाच्या राहिलेल्या मागण्या' हा अर्थ पुढे आला. 'लॉग' म्हणजे नोंदवही, या अर्थाचाही येथे प्रभाव पडला असावा.

आज या शब्दाला दोन तोंडे आहेत. जहाजे बांधणाऱ्या कंपनीजवळ मागण्यांचा 'बॅकलॉग' असणे ही पुढील कामाची हमी होय. उलट कचेरीत किंवा न्यायालयात 'बॅकलॉग' म्हणजे तुंबलेले काम.

मराठी राज्यकारभारात यासाठी 'अनुशेष' हा शब्द रुळला. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात मागे राहिलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरविला. राखीव जागांनाही हाच शब्द लागतो. मागील वर्षांच्या न भरलेल्या राखीव जागा वेगळ्या धराव्यात, त्या वर्षाच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेत मोजू नयेत, अशी तरतूद २००० सालच्या ८१ व्या घटनादुरुस्तीने केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जिल्ह्याचा किंवा राखीव जागांचा अनुशेष म्हणताना देणेकरी शासन असते. विद्यार्थ्याला बॅकलॉग आहे म्हणताना देणेकरी तो एकटा ठरतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारख्यांच्या इंग्रजीच्या पेपरात राहिलेल्या गुणांमागे गावात न पोचलेली वाचनालये व रिकाम्या राहिलेल्या शिक्षकांच्या जागाही असतात. अभ्यास आम्हालाच करावयाचा आहे, यात शंका नाही. पण 'बॅकलॉग किती?' या प्रश्नाबरोबर 'तो कोणाकडे?' हाही प्रश्न विचारला जावा.

आणि मूळ अर्थही विसरू नये. मागे राहिलेला ओंडका विझलेला नसतो. विस्तव त्याच्याच पोटात असतो.