टेक्ससच्या टेकड्यांवरची वीतभर माती

टेक्ससमध्ये ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो ही शहरं मागे टाकून पश्चिमेकडे निघालात, की गवत, ओक आणि जुनिपरच्या झाडांनी ठिपकेदार झालेल्या टेकड्या सुरू होतात. हे एडवर्ड्स पठार. त्याच्या नद्यांनी कोरलेल्या कडेला इथले लोक 'हिल कंट्री' म्हणतात. गाडीतून बघताना मुलूख हिरवा वाटतो. पण उतरून कुदळ मारलीत, तर बहुतेक उतारांवर ती वीतभर आत गेली की खण्णकन वाजते. खाली कातळ असतो.

या वीतभर मातीवर लाखो लोकांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे. म्हणून आज तिची ओळख करून घेऊ.

नावातच सगळं आलं

इथल्या डोंगरउतारांवर 'एक्रांट' आणि 'टॅरंट' नावाच्या माती खूप आढळतात. अमेरिकन मृदावर्गीकरणात दोन्हींच्या पुढे दोन विशेषणं लागतात. पहिलं 'लिथिक', म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आत कठीण खडक लागतो. दुसरं 'स्केलेटल', म्हणजे मातीच्या घनफळात किमान ३५ टक्के दगडगोटे असतात. थोडक्यात, उथळ आणि खडकाळ.

आपल्याकडच्या मुरमाड माळरानाची आठवण झाली ना? उथळपणा तसाच आहे, पण जात वेगळी. दख्खनचा मुरूम बेसॉल्ट झिजून बनतो. इथला खडक चुनखडक आहे, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. आणखी एक गंमत म्हणजे ही माती फिकट नाही, चांगली काळसर आहे. 'मॉलिसॉल' या गटात तिची गणना होते, म्हणजे गवताळ प्रदेशातल्या सुपीक मातीच्या घराण्यात. चुनखडकातलं कॅल्शियम कुजलेल्या गवताच्या ह्यूमसला आणि चिकणमातीच्या कणांना एकत्र बांधून ठेवतं. त्यातून भुसभुशीत रवाळ ढेकळं बनतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांतून पाणी झटकन मुरतं. माती थोडी आहे, पण आहे तेवढी उत्तम आहे.

खडक विरघळतो, माती उरते

बेसॉल्टची माती बनताना खडकातली खनिजं बदलून चिकणमाती होतात. चुनखडकाचं गणित निराळं आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं. त्यात चुनखडक विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. मागे राहतो तो न विरघळणारा गाळ. मातीची सुरुवात तिथून होते.

आता हिशेब करून बघा. समजा खडकात असा गाळ ३ टक्के आहे. १० सेंटिमीटर जाडीची माती बनवायला, दोन्हींची घनता लक्षात घेता, साधारण दीड मीटर खडक विरघळावा लागेल. तो हजार वर्षांत २० मिलिमीटर या वेगाने विरघळतो असं धरलं, तर पाऊण लाखाहून जास्त वर्षं लागतील. प्रत्यक्षात वाऱ्याने आणलेली धूळ आणि पूर्वी वर असलेले चिकणमातीचे थर यांचाही वाटा असतो, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होईल. पण एका पावसाळ्यात वाहून गेलेली माती आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही परत मिळणार नाही, एवढं नक्की.

दगड वजा करा, मग पाणी मोजा

वीतभर म्हणजे २४ सेंटिमीटर माती धरू. त्यात निम्मे दगड. उरली १२ सेंटिमीटर खरी माती. चिकणमातीचा एक सेंटिमीटर थर झाडांना उपयोगी पडेल असं अंदाजे दीड मिलिमीटर पाणी धरतो. म्हणजे सगळं मिळून १८ मिलिमीटर. उन्हाळ्यात गवत आणि ऊन मिळून दिवसाला ५-६ मिलिमीटर पाणी सहज उडवतात. चांगला पाऊस पडून गेल्यावर तीन-चार दिवसांत वाफसा संपला! विदर्भातली मीटरभर खोल काळी माती याच्या आठ-दहा पट पाणी साठवते.

दगड मात्र निव्वळ नुकसान करत नाहीत. पृष्ठभागावर सुटे पडलेले गोटे पावसाच्या थेंबांचा मार स्वतःवर घेतात, खालची ओल टिकवतात आणि पाणी आपल्या कडेने मातीत सोडतात. तेच गोटे गुरांच्या खुरांखाली दाबले जाऊन मातीच्या कडक पापुद्र्यात रुतले, तर उलट परिणाम होतो. छपरावरच्या कौलांसारखे ते पाणी खाली ढकलू लागतात.

मग ओक हिरवा कसा?

१८ मिलिमीटर पाण्यावर वृक्ष जगणार नाही. उत्तर खाली, कातळाच्या भेगांमध्ये आहे. १९९९ साली रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी या पठारावरच्या ५ ते ६५ मीटर खोल गुहांमध्ये उतरून छतातून लोंबणारी मुळं गोळा केली. मूळ पाहून झाड ओळखणं कठीण, म्हणून त्यांनी डीएनए तपासला. निदान सहा जातींच्या झाडांची मुळं ५ मीटरपेक्षा खोल गेलेली आढळली. १० मीटरच्या खाली मात्र फक्त सदाहरित ओकचीच मुळं होती. सगळ्यात खोल मुळं सुमारे २५ मीटरवर सापडली.

म्हणजे इथे दोन कोठारं आहेत. वरचं वीतभर, गवताचं. खालचं खडकातलं, ओकचं. पण खालच्या कोठाराची चावी वरच्याकडे आहे. मातीने पाणी मुरवलं, तरच ते भेगांपर्यंत पोहोचतं.

गुहेतली साक्ष

ही माती कायमच इतकी उथळ होती का? केर काउंटीत 'हॉल्स केव्ह' नावाची गुहा आहे. तिच्या गाळात हजारो वर्षांचे प्राण्यांचे अवशेष थरांनी साचले आहेत. जुन्या थरांमध्ये खोल बिळं करणाऱ्या प्राण्यांची हाडं आहेत. ते वीतभर मातीत राहूच शकले नसते. संशोधकांनी या थरांमधल्या जीवाश्मांतल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाणही मोजलं. मातीच्या खनिजांतलं प्रमाण आणि चुनखडकातलं प्रमाण वेगळं असतं. माती पातळ होत जाते तसं वनस्पतींमधलं, आणि त्या खाणाऱ्यांमधलं प्रमाण खडकाच्या जवळ सरकतं. नेमकं तेच दिसलं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इथे बरीच जाड माती होती आणि ५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिचा मोठा भाग वाहून गेला होता.

यात माणसाचा दोष नाही. बदलतं हवामान हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. पण त्यानंतर हातात राहिली ती शिल्लक. आणि शिल्लक जपून वापरायची असते.

कुंपण, शेळ्या आणि 'सीडर'

१८८०च्या दशकात काटेरी तारांची कुंपणं आली आणि मोकळी कुरणं बंदिस्त झाली. गुरं, मेंढ्या आणि मोहेर लोकरीसाठी पाळलेल्या अंगोरा शेळ्या यांची संख्या जमिनीला झेपेना इतकी वाढली. उंच, झुपक्यांनी वाढणारं गवत संपलं आणि त्याच्या जागी जमिनीलगत पसरणारं आखूड गवत किंवा उघडी जमीन आली. सोनोरा येथील संशोधन केंद्रावरच्या मोजमापांत पाणी सर्वांत जास्त मुरलं ते ओकच्या राईखाली, त्यानंतर झुपक्यांच्या गवतात आणि सर्वांत कमी आखूड गवतात.

गवत संपल्यावर वणवेही थांबले आणि जुनिपर पसरला. स्थानिक लोक त्याला 'सीडर' म्हणतात. हा सीडर सगळं पाणी पितो, तो तोडला की झरे वाहतील, असं इथे सर्रास बोललं जातं. पण २०१० साली ब्रॅडफर्ड विल्कॉक्स आणि युन हुआंग यांनी नद्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. झाडोरा वाढत असतानाच नद्यांमधला झऱ्यांचा प्रवाह वाढला होता! त्यांच्या मते जनावरं कमी झाल्यामुळे जमीन सावरली आणि पाणी पुन्हा मुरू लागलं. जुनिपर पाणी घेतो हे खरंच आहे. पण उघड्या, तुडवलेल्या जमिनीवरून वाहून जाणारं पाणी हा त्याहून मोठा तोटा असू शकतो. म्हणून जुनिपर तोडून तिथे गवत उभं केलं नाही, तर हाती काहीच लागत नाही.

तुमच्या नळाशी नातं

पठाराच्या कडेला असलेल्या एडवर्ड्स जलधरातून सॅन अँटोनियोसह वीस लाखांहून अधिक लोकांना पाणी मिळतं. चुनखडकातल्या भेगा आणि विवरं रुंद असल्यामुळे पाणी त्यात फारसं गाळलं न जाता शिरतं. वाटेतली खरी गाळणी म्हणजे ही वीतभर माती आणि तिच्यावरचं गवत.

तिची मर्यादाही ओळखायला हवी. मघाची १२ सेंटिमीटर माती पार कोरडी असली आणि तिची सगळी छिद्रं भरली, तरी साठेक मिलिमीटर पाणी मावेल. ४ जुलै २०२५ रोजी केर काउंटीत ग्वाडालूप नदीच्या पुराने शंभराहून अधिक बळी घेतले. तशा अतिवृष्टीत कितीही चांगलं गवत पूर थांबवू शकत नाही. तिथे वेळेवर इशारा आणि नदीकाठापासून लांब वस्ती हेच उपाय. नेहमीच्या पावसात मात्र गवत असलेला उतार आणि उघडा उतार यांत मोठा फरक पडतो.

तुम्ही या भागात राहत असाल, तर परसात करून बघा. एक पांढरट खडा आणि चिमूटभर माती घेऊन दोन्हींवर थोडं व्हिनेगर टाका. खडा फसफसेल. माती किती फसफसते त्यावरून तिच्यात चुना किती उरलाय त्याचा अंदाज येईल. नव्या झाडांची पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर तो आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा केवडा असू शकतो. चुन्यामुळे लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी बाहेरची रोपं जगवण्यापेक्षा इथलंच गवत आणि इथलाच ओक लावा. उतारावर तोडलेल्या फांद्या जाळू नका, आडव्या टाका. त्यांच्यामागे माती अडते, बी रुजतं आणि हरणांपासून कोवळी रोपंही वाचतात.