रिक्षातला त्रास शाळेबाहेरचा?

प्रश्न : पाचवीतल्या माझ्या मुलाला शाळेच्या रिक्षात मोठी मुलं चिडवतात, डबा हिसकावतात. शाळा म्हणते, हे आवाराबाहेरचं. काय करू?

उत्तर : ताई, आवाराच्या भिंतीपाशी शाळेची जबाबदारी संपत नाही. आधी मुलाचं पूर्ण ऐका; ‘तूही दोन ठेवून दे’ असं मात्र सांगू नका. तारीखवार तक्रार मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तिथे ७५ टक्के सदस्य पालकच असतात. रिक्षाकाकांशीही बोला. आणि गप्प बसून पाहणारी मुलं? त्यांच्या आईवडिलांना जरूर भेटा. त्यांच्यातलं एक जरी ‘थांब’ म्हणालं, तरी चिडवणाऱ्याचा जोर ओसरतो. तरीही थांबलं नाही, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.