फुकटचे कॅड : निवडायचे कसे?

पेन ड्राइव्हवर फिरणारे ‘क्रॅक’ सोडा. हौसेच्या मॉडेलिंगसाठी रीतसर फुकट सॉफ्टवेअर मिळते. निवडताना मी एकच बघतो : डिग्री झाल्यावरही माझी फाइल उघडेल ना? विद्यार्थी-लायसन्स शिक्षणापुरतेच असते. फ्यूजनच्या वैयक्तिक आवृत्तीत एका वेळी १० च डॉक्युमेंट्स एडिट होतात. ऑनशेपच्या फुकट खात्यातले डिझाइन सर्वांना दिसते. दोन्हींत व्यावसायिक वापराला मनाई. फ्रीकॅड मात्र ओपन सोर्स आहे. २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. शिकायला जरा किचकट, पण मुदतीची भानगड नाही. साध्या २डी ड्रॉइंगला लिब्रेकॅड पुरते. कशातही काम करा, स्टेप फाइल काढून ठेवाच. तिच्यात आकार टिकतो, स्केच आणि फीचर्स नाहीत. म्हणून मूळ फाइलही जपा.