हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. येथील नागरिकांना शासकीय कामासाठी भोपाळ, तर उपचार, शिक्षण व संत्र्यांच्या व्यापारासाठी नागपूर गाठावे लागते. या दोन्ही शहरांत विमानतळ आहेत. त्यांमधील अंतर व उड्डाणाचा वेळ कसा काढावा, हे समजून घेणे विद्यार्थी व प्रवासी या दोघांनाही उपयुक्त ठरेल.

नकाशात पाहिल्यास नागपूर व भोपाळ येथील विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे २.२ अंशांचा आणि रेखांशांत सुमारे १.७ अंशांचा फरक आढळतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखूड होत जातो. आपल्या भागात तो सुमारे १०३ किलोमीटर भरतो. म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर २४४ व पूर्व-पश्चिम अंतर १७५ किलोमीटर झाले. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने या दोहोंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यास सुमारे ३०० किलोमीटर हे उत्तर मिळते. ही सरळ रेषा पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या मधून जाते. लोहमार्ग मात्र सातपुड्याचे चढउतार पार करीत, आमला, बैतूल व इटारसीवरून वळत जात असल्याने तोच प्रवास सुमारे ३९० किलोमीटरांचा होतो.

पंख्याचे लहान प्रवासी विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. या हिशेबाने ३०० किलोमीटरांस ३६ मिनिटे पुरतील. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे यांतही वेळ जातो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. म्हणून अशा अंतरास सुमारे एक तास धरणे योग्य होय.

आता नोकरीच्या मुलाखतीसाठी भोपाळला निघालेल्या पांढुर्ण्याच्या उमेदवाराचा विचार करू. समजा, त्याला सोयीचे विमान मिळाले. प्रथम त्याला उलट दिशेने शंभर किलोमीटरांच्या आसपास जाऊन नागपूर विमानतळ गाठावा लागेल. त्यास अडीच तास धरू. उड्डाणापूर्वीचे दोन तास, उड्डाणाचा एक तास व उतरल्यावर शहरात पोहोचण्याचा एक तास मिळून साडेसहा तास होतात. पांढुर्ण्याहून जलद रेल्वेगाडीने भोपाळ चार ते पाच तासांत येते. येथे आगगाडीच सरस ठरते.

मुंबईचा हिशेब मात्र निराळा आहे. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर असून उड्डाणास सुमारे दीड तास लागतो. वरीलप्रमाणे बेरीज सात तासांची होते. याउलट, नागपूरहून आगगाडीस अकरा-बारा तास किंवा अधिक लागतात. येथे विमान निश्चितच वेळ वाचविते.

भारताच्या मध्यावर असल्यामुळेच नागपूरला १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र होण्याचा मान मिळाला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत फिरत.

शिक्षकांनी हे गणित वर्गात नकाशावर करून घ्यावे. प्रवाशांनीही केवळ उड्डाणाचा वेळ न पाहता घराच्या उंबरठ्यापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचा वेळ मोजावा, चालू वेळापत्रक पडताळावे आणि मगच तिकीट काढावे.