पतलमैस नगर

वाचावें: शास्ते १:३१, प्रेषितांचीं कृत्यें २१:७.

जुन्या करारांतील अक्को व नव्या करारांतील पतलमैस हीं एकाच नगराचीं नांवें होत. तें भूमध्य समुद्राच्या कांठीं असून दक्षिणेस आखातापलीकडे कर्मेल डोंगर दिसतो. आज प्रवासी ज्या तटावर फिरतो तो पौलाच्या काळचा नव्हे. तो बहुतेक १८ व्या व १९ व्या शतकांत, तुर्की अमलांत बांधिलेला आहे. १७९९ सालीं नेपोलियननें वेढा घातला, परंतु नगर न घेतांच त्यास परतावें लागलें.

जमिनीखालीं क्रूसयोद्ध्यांचीं दगडी दालनें अद्याप उभीं आहेत. ख्रिस्ताचें नांव घेऊन, पण तरवारीच्या बळानें, त्यांनीं ११९१ सालीं हें नगर परत घेतलें. १२९१ सालीं तें कायमचें गमाविलें.

पौलाजवळ तरवार नव्हती. यरुशलेमेंत बंधनें वाट पाहत आहेत हें ठाऊक असतां तो येथें उतरला, बंधुजनांस भेटला व एक दिवस राहिला. त्या बंधूंचीं नांवें शास्त्रांत नाहींत. त्यांच्याजवळील मुक्काम मात्र नोंदिलेला आहे. तर आपल्या गांवीं एक रात्र उतरणाऱ्या बंधूस आपण कसें वागवितों, याचा प्रत्येक मंडळीनें विचार करावा.